हरेल त्याचे गाणे

मनुष्यप्राण्याच्या औदार्याची परीक्षा पैशाच्या किंवा अन्नाच्या बाबतीत घेतली असता तिचा निकाल बहुधा लाजिरवाणा लागतो. परंतु त्याच मनुष्यास एखादे गाणे नुकतेच आवडलेले असले, तर ते दुसऱ्याच्या कानांत ओतण्याच्या कामी तो जे दातृत्व दाखवितो, त्यापुढे कर्णाने कवचकुंडले उतरवून दिल्याचा प्रसंगही किंचित फिका वाटू लागतो. कारण कर्णाकडे निदान कोणीतरी मागावयास आले होते. गाणे देणारा मागणीची वाट पाहत नाही. तो जिन्यात गाठतो, भाजीची पिशवी हातात असताना गाठतो, आणि स्वतःच्या कानातील इअरफोनचे एक टोक, पुसावे की न पुसावे या विवंचनेत आपण असतानाच, आपल्या कानात बसवून मोकळा होतो.

बंगळूरच्या दक्षिणेस बनशंकरी नावाचा जो मुलूख पसरला आहे, तेथे मी या औदार्याचा अनेक वर्षांचा लाभार्थी आहे. या मुलखाचे पहिल्यापासून सहाव्यापर्यंत टप्पे पाडलेले असून त्या आकड्यांचा संबंध अंतराशी आहे, वयाशी आहे, की नगररचना करणाऱ्यांच्या त्या त्या दिवशीच्या मनःस्थितीशी आहे, याचा उलगडा येथील रिक्षावाल्यांसही अद्याप झालेला नाही. देवी मूळची बदामीची; कनकपुरा रस्त्यावरचे तिचे येथील देऊळ 1915 सालचे सांगतात. इतर देवस्थानांत राहुकाळ टाळून पूजा करतात, येथे तो मुद्दाम गाठून करतात: मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी, लिंबू अर्धे कापावे, रस पिळून टाकावा, साल उलटी करून तिच्या वाटीत वात लावावी, अशी वहिवाट आहे. संकट ज्या घटकेस घराबाहेर पडते त्याच घटकेस त्यास रस्त्यात गाठून मिटवामिटव करावी, या उपासनेतील व्यवहारज्ञान मला फार भावते. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा, आणि फुटबॉलचे सामने बहुधा साडेसातला सुरू होतात. दिवा लावून बनशंकरी स्थानकावर हिरव्या मार्गाची मेट्रो धरावी, मॅजेस्टिकला जांभळ्या मार्गावर गाडी बदलावी, कब्बन पार्कला उतरावे आणि तेथून पायी श्रीकंठीरव क्रीडांगणाच्या फाटकाशी पोहोचावे. भक्ती आणि फुटबॉल यांची इतकी चोख सांगड घालणारी वाहतूकव्यवस्था मी अन्यत्र पाहिलेली नाही.

दुसऱ्या टप्प्यातील ज्या तिमजली घरात मी भाड्याने राहतो, त्याचे मालक न्यायखात्यातून निवृत्त झालेले कन्नड गृहस्थ असून नोकरीची बरीच वर्षे बेळगावास गेल्यामुळे त्यांची मराठी तेथील दप्तरात घडलेली आहे. नळाला पाणी आले नाही हे सांगावयास गेलो तरी ते "कैफियत द्या, तजवीज करतो" असे उत्तर देतात, व कैफियत दिल्यावर खरोखरच तजवीज करतात. त्यांच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर, शिवाजी पेठेतील एक कोल्हापूरकर राहतात. त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडात माहेरच्या म्हापशाच्या वहिनी. आणि सर्वांत वर मी व माझा भाचा. भाचा संगणकाच्या कंपनीत आहे, एवढे सांगितले की बंगळूरमध्ये अधिक तपशील देण्याची आवश्यकता राहत नाही.

या भाच्याकडून मी गाणे देण्याची कला बारकाईने अभ्यासिली. गाणे ऐकविणारा मनुष्य स्वतः गाणे ऐकत नसतो. तो ऐकणाऱ्याची मुद्रा वाचीत असतो. "आता येईल हं मामा," असे म्हणून तो बोट वर करतो; आपण भक्तिभावाने भुवया उंचावतो; तर तो घाईने सांगतो, "हे नव्हे, पुढे आहे." मग ती जागा येते, आणि ती आली हे आपल्यास गाण्यावरून नव्हे, तर त्याच्या डोळ्यांवरून कळते. या क्षणी श्रोत्याने काय बोलावे याचे नियम कडक आहेत. 'छान आहे' हे अपुरे. 'वा!' हे चालते, परंतु अर्धा क्षण उशिरा निघाले तर त्याच्या निष्ठेविषयी संशय उत्पन्न होतो. 'पुन्हा लाव' यासारखे पुण्य नाही. आणि 'हे मी पूर्वी ऐकले आहे' हे पाच शब्द उच्चारणाऱ्यास क्षमा कोणत्याही धर्मशास्त्रात सापडावयाची नाही. कारण देणाऱ्यास गाणे तर द्यावयाचे असतेच, पण त्याहून अधिक, ते प्रथम आपणांस सापडले या वस्तुस्थितीची सनद आपल्या सहीनिशी हवी असते.

या सनदेपायी भाच्यावर एकदा मोठा बिकट प्रसंग गुदरला. रघु दीक्षित या गायकाच्या तोंडून त्यास शिशुनाळ शरीफ यांची पदे सापडली, आणि सापडल्याबरोबर ती देण्यासाठी तो तळमजल्यावर घरमालकांकडे धावला. शरीफसाहेब हे 1819 साली जन्मलेले संतकवी, धारवाडकडील शेतकरी त्यांची पदे पिढ्यान् पिढ्या गात आला आहे, सी. अश्वथ यांनी ती घरोघरी पोहोचविली. 1990 साली नागाभरण यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला व त्यात गुरू गोविंदभट्टांचे काम गिरीश कर्नाडांनी केले. हे सर्व घरमालकांस, बनशंकरीतील कोणत्याही सुशिक्षित माणसास असावे तसे, मुखोद्गत होते. आपल्याच घरातील समई एखाद्या भाडेकरूने आपणांसच नवलाची म्हणून आणून दाखवावी, त्यातला हा प्रकार. परंतु वृद्ध गृहस्थाने पद शेवटपर्यंत ऐकले, चष्मा पुसला, आणि "नवीन पोरगा चांगला गातो, पण आवाज चढवायची घाई करतो" एवढाच शेरा मारून प्रकरण दप्तरदाखल केले. त्यांच्या थोरवीची मला त्या दिवशी प्रथम जाणीव झाली.

गाणे देण्याचा हा व्यवहार निरुपद्रवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. गदगच्या एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी वाजत होती, आणि ती एका शाळकरी मुलाच्या कानांवर पडली; परिणाम असा झाला की 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या मुलाने घर सोडले आणि गुरूच्या शोधार्थ तो ग्वाल्हेर, जालंधर असा उत्तर हिंदुस्थान विनातिकीट पालथा घालीत हिंडला. अखेर गुरू भेटले ते सवाई गंधर्व, आणि ते राहत होते कुंदगोळास, म्हणजे गदगहून एका दिवसात जाऊन परत यावे इतक्या अंतरावर. पुढे तो मुलगा भीमसेन जोशी झाला म्हणून या पर्यटनास आपण तपश्चर्या म्हणतो. तो न होता तर घरच्यांनी त्यास काय म्हटले असते, ते सांगावयास नको. भीमसेनांनी पुण्यास राहून मराठी अभंग गायिले आणि कन्नड दासवाणीही गायिली. त्यामुळे ते कोणाचे, हा वाद आमच्या जिन्यात वर्षातून दोनदा निघतो व दोन्ही वेळा अनिर्णित राहतो. घरमालक गदगचा जन्मदाखला पुढे करतात, कोल्हापूरकर म्हणतात, "जन्म कुठं बी हुंदे, गाजला कुठं ते बघा." यावर घरमालक आमच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा असल्याचे, आणि मराठी रंगभूमी ज्या चालींवर डोलली त्यांतील कितीतरी कर्नाटकी असल्याचे शांतपणे नमूद करतात. मराठी मनुष्य या मुद्द्यावर नेहमी चहा मागवितो.

शिवाय गाणे देण्यापेक्षा ते न देण्याचा परिणाम अधिक भयंकर असतो, याचा दाखला आमच्या पुण्यानेच देशास घालून दिलेला आहे. 1952 साली नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या पुणेकरांकडे आले आणि त्यांनी राष्ट्राची अभिरुची सुधारण्याच्या सद्हेतूने आकाशवाणीवरील चित्रपटगीतांस जवळजवळ अर्धचंद्रच दिला. पुणेकराने एखादी गोष्ट ऐकण्याजोगी नाही असे सांगितले की उरलेला देश ती कान देऊन ऐकतो. त्या न्यायाने घरोघरच्या रेडिओचे काटे सिलोनकडे वळले, अमीन सयानी यांचा आवाज घरातल्या वडील माणसाच्या आवाजाहून परिचित झाला, आणि अखेर 1957 साली सरकारास विविध भारती काढून तीच गाणी स्वहस्ते वाटावी लागली. ही हकिगत मी घरमालकांस सांगितली, तेव्हा त्यांनी एवढीच पुरवणी जोडली की 'आकाशवाणी' हे नावही म्हैसूरचे. तेथील प्राध्यापक गोपालस्वामी यांनी 1935 साली आपल्या खाजगी केंद्रास ते दिले होते. मी चहा मागविला.

आता फुटबॉलकडे वळतो. कारण आमच्या घरात या दोन व्याधी एकाच रक्तात वाहतात.

फुटबॉलच्या बाबतीत कोल्हापूरकरांचा अधिकार वंशपरंपरागत आहे. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ पोसले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावे उच्चारताना त्या शहरातील मनुष्याचा आवाज आपोआप खाली येतो किंवा वर जातो, तो कोणत्या पेठेतला आहे यावर ते अवलंबून. शाहू स्टेडियमवरील सामन्यास नुसत्या टाळ्यांनी भागत नाही. हलगी लागते, घुमके लागते, कैताळ लागतो. विश्वचषकाच्या काळात त्याच पेठांत अर्जेंटिना आणि ब्राझील यांचे झेंडे लागतात व दोन्ही राष्ट्रांच्या खेळाडूंचे मनोऱ्यासारखे फलक चौकात उभे राहतात. आमच्या कोल्हापूरकरांची निष्ठा अर्जेंटिनाकडे आहे. दक्षिण अमेरिकेतील त्या राष्ट्राची राजधानी कोणती, हे मी एकदा त्यांस विचारले असता, "मेस्सी," असे उत्तर मिळाले.

घरमालकांचे फुटबॉल जुन्या बंगळूरचे. 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने मुंबईस जाऊन रोव्हर्स चषक जिंकला, व तोवर गोऱ्या पलटणींच्या घरी नांदलेला तो चषक प्रथमच हिंदी संघाच्या हाती आला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांश अनवाणी खेळलेल्या आपल्या संघाने फ्रान्सविरुद्ध जो एकमेव गोल केला तो बंगळूरच्या सारंगपाणी रामन यांचा. 1967-68 आणि 1968-69 अशी लागोपाठ दोन वर्षे संतोष चषक म्हैसूरकडे होता. ही माहिती ते वाद म्हणून सांगत नाहीत, फेरफाराच्या नोंदीसारखी सांगतात. 2013 साली स्थापन होऊन पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकलेल्या बेंगळुरू एफसीस त्यांनी या पूर्वजांचा कायदेशीर वारस म्हणून मान्यता दिलेली आहे. या वारसाहक्कास कोल्हापूरकरांनी एकदा हरकत घेतली: बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर, सबब हा संघही मूळचा आमचाच. घरमालकांनी चष्मा वर केला. "एकोजीराजांनी चिक्कदेवराजांशी तीन लाखांचा सौदा केला होता. मध्ये मोगल आला, पण 1687 साली रक्कम चुकती होऊन कब्जा म्हैसूरकडे आला. खरेदी पक्की आहे." जहागीर परत मिळण्याची आशा कोल्हापूरकरांनी तेव्हापासून सोडली आहे.

वहिनींचा प्रश्न वेगळा. त्या म्हापशाच्या, म्हणजे ज्या बारदेश तालुक्यात, शिवोलीस, फादर लायन्स यांनी 1883 साली गोव्याला फुटबॉल दाखविला असे सांगतात, त्या तालुक्याच्या. एरवी अत्यंत मृदुभाषी असलेल्या या बाई एफसी गोवाचा सामना सुरू झाला की पंचाच्या वंशवृक्षाविषयी कोकणीत जे उद्गार काढतात, ते आम्हां कोणासही समजत नाहीत, ही बनशंकरी देवीचीच कृपा.

17 मार्च 2019 च्या रविवारी या सर्व निष्ठा एका खोलीत समोरासमोर आल्या. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मुंबईस, अंधेरीला. पक्ष बेंगळुरू आणि गोवा. नव्वद मिनिटे कोणाचाही गोल झाला नाही. जादा वेळेत गोव्याचा अहमद जाहू मैदानाबाहेर काढला गेला, आणि एकशे सतराव्या मिनिटास कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर राहुल भेके याने डोके लावून बंगळुरास विजेता केले. आता भेके हा मुंबईचा मराठी मुलगा. त्याने मुंबईच्या मैदानावर, कर्नाटकाच्या वतीने, गोव्यास हरविले. आनंद कोणी करावा याचा निर्णय होईना. घरमालक उभे राहिले, कोल्हापूरकर, जहागिरीवरील हक्क सोडलेला असतानाही, "आपला गडी!" म्हणून ओरडले, आणि वहिनी काही न बोलता उठल्या, त्यांनी दूरदर्शनचा आवाज बंद केला आणि फोनवर क्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदासह लोर्ना यांचे एक कोकणी गाणे लावले. ते ऐकविण्याचा त्यांचा प्रयत्न पूर्वीही झाला होता, व प्रत्येक वेळी कोणाचे दूध उतू जात होते, कोणाचा फोन येत होता. त्या रात्री कोणाचेही दूध उतू गेले नाही. हरलेल्या बाईस "पुढच्या वेळी ऐकू" असे सांगण्याची छाती विजेत्यांपैकी एकालाही झाली नाही, आणि त्या कर्णमधुर, किंचित मद्यधुंद आवाजाने आम्ही सर्वजण असे मुग्ध झालो की गाणे संपल्यावर घरमालकांनी स्वतः होऊन "पुन्हा लावा" असे म्हटले.

न्यायखात्यात आयुष्य घालविलेला मनुष्य अशा प्रसंगातून कायदा काढल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या दिवशी घरमालकांनी आखीव कागदावर तहनामा लिहून काढला: ज्याचा पक्ष हरेल त्याने त्या रात्री अर्धा तास आपल्या पसंतीचे गाणे लावावे, इतरांनी ते शेवटपर्यंत ऐकावे, 'पूर्वी ऐकले आहे' असे म्हणू नये, दूध, फोन व पाहुणे या सबबी अग्राह्य. आम्ही सर्वांनी सह्या केल्या.

या तहनाम्याचा पहिला गैरफायदा भाच्याने घेतला. तो मँचेस्टर युनायटेडचा उपासक. त्या संघाने 2013 साली इंग्लंडची लीग जिंकली, त्याच वर्षी भाच्याने त्याच्या चरणी निष्ठा वाहिली, आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ त्यास ती लीग पुन्हा जिंकता आली नाही. त्यामुळे आमच्या घरात गाणे लावण्याचा हक्क हळूहळू त्याच्या वतनासारखा झाला. ज्या गायकांचे नाव त्यांच्या शेजाऱ्यांसही ठाऊक नसावे असे गायक तो शोधून आणी. पराभवानंतर त्याच्या मुखावर दुःखाच्या जोडीस जी एक तयारी दिसे, ती पाहून वहिनींनी उघड संशय व्यक्त केला की हा मुलगा संघ निवडताना खेळ पाहत नाही, गाण्यांचा साठा पाहतो.

मला मात्र त्याच्यात काही निराळेच दिसले. हाच मुलगा सापडलेले गाणे आधी सर्वांस वाटतो, आणि ते खरोखरच सर्वांचे झाले, एखाद्या साबणाच्या जाहिरातीत वाजू लागले, की त्याचा त्याग करतो. लोक त्याच्या मागे येताच त्यास त्या रस्त्याची किळस येते. परंतु पराभवाच्या बाबतीत त्याचे वर्तन याच्या अगदी उलट. रात्री दीड वाजता एकट्याने जागून पाहिलेल्या सामन्यात विजय झाला, तर तो सकाळी मुकाट्याने दात घासतो. हार झाली, तर तीच हार कार्यालयात, मेट्रोत, केस कापणाऱ्याकडे आणखी किती जणांनी सोसली याची तो चौकशी करीत हिंडतो, आणि तसा एखादा सहदुःखी भेटला, मग तो ओळखीचा असो वा नसो, की त्याचा चेहरा उजळतो. गाणे शंभर जणांत वाटले तर त्याच्या वाट्यास शतांश उरते; हार शंभर जणांत वाटली तरी प्रत्येकास सबंध मिळते, व ती मिळाल्याचे समाधान वर. याच कारणास्तव जो मनुष्य गाण्यात एकांतप्रिय, तोच कंठीरवच्या पश्चिम सज्जात, 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' म्हणविणाऱ्या निळ्या समुदायात, हजारोंच्या सुरात बेसूर मिसळून धन्य होतो.

त्या सज्जात घरमालक एकदाच गेले. 2016 च्या युरोपीय स्पर्धेत आइसलंडच्या प्रेक्षकांनी प्रसिद्धीस आणलेली ती टाळी, दोन्ही हात वर धरून, दीर्घ विरामानंतर एकदम वाजणारी, तेथेही वाजते. रामनवमीच्या दिवसांत चामराजपेठेतील फोर्ट हायस्कूलच्या मांडवात मांडीवर ताल धरण्यात ज्यांची हयात गेली, त्या घरमालकांनी या टाळीचाही ताल मांडीवर धरून पाहिला, आणि परतताना मेट्रोत मला म्हणाले, "लय फार विलंबित आहे, आणि समेवर येण्याआधीच पोरं पळवतात. बाकी एकजूट चांगली."

या साऱ्यात माझी स्थिती शोचनीय. माझ्याजवळही देण्यासारखे एक गाणे आहे: मिरजेस राहून कर्नाटक पद्धतीच्या कृती आत्मसात केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी गायिलेली त्यागराजांची एक कृती, जी मी घरमालकांस ऐकवू इच्छितो. परंतु तहनाम्याप्रमाणे त्यासाठी माझा संघ हरावयास हवा, आणि मी पुण्याचा. पुणे एफसी गेला. भारत एफसी एकच हंगाम खेळून गेला. डीएसके शिवाजियन्स गेला. एफसी पुणे सिटी 2014 साली निघाला आणि 2019 साली तोही गेला. विसर्जनाचा आम्हां पुणेकरांस पूर्वापार सराव आहे, हे मान्य. परंतु जो संघ अस्तित्वातच नाही त्यास हरविणार कोण? जगातील एका अजिंक्य नगरीचा नागरिक म्हणून मी वर्षानुवर्षे इतरांची गाणी ऐकत बसलो आहे.

तहनाम्याच्या अर्थाविषयी खटलेही उद्भवतात. 3 मार्च 2023 रोजी कंठीरववर केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या सामन्यात, जादा वेळेत, केरळचे खेळाडू भिंत रचण्यात गुंतलेले असताना सुनील छेत्रीने शिट्टीची वाट न पाहता फ्री किक मारून गोल केला. पंचाने तो दिला. आणि केरळचे प्रशिक्षक आपला संघच्या संघ घेऊन मैदानाबाहेर चालते झाले. आमच्या कोपऱ्यावर चहाची टपरी चालविणारे मलयाळी चेट्टन तहनाम्यात मागाहून सामील झालेले. त्यांचे म्हणणे, "आम्ही हरलो नाही, निघून आलो." घरमालकांनी, आपण स्वतः एका पक्षाचे आहोत या क्षुल्लक बाबीकडे दुर्लक्ष करून, निवाडा दिला की हरलो नाही म्हणणाऱ्यास गाण्याचा हक्क पोचत नाही. चेट्टनांनी अब्रूसाठी गाण्यावर पाणी सोडले. महिनाअखेर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळच्या संघास चार कोटी रुपये दंड केला, त्या संध्याकाळी ते चहाचा थर्मास व फोन घेऊन वर आले आणि म्हणाले, "चार कोटी भरायचे आहेत. आता तरी ऐका." येसुदासांचे गाणे होते. त्यास हरकत कोण घेतो? विशेष म्हणजे छेत्रीच्या गोलाच्या दुसऱ्याच दिवशी, रियाधला, कर्नाटकाने मेघालयास तीन विरुद्ध दोन असे हरवून चौपन्न वर्षांनी संतोष चषक जिंकला. लागोपाठ दोन विजयांमुळे घरमालकांची चौडय्यांच्या सात तारांच्या व्हायोलिनची तबकडी दोनदा पेटीत परत गेली, व त्यांच्या आनंदास एक सूक्ष्म झालर लागली.

परंतु सर्वांत कठीण प्रसंग त्याआधीच्या डिसेंबरातला. कोल्हापूरकरांजवळ देण्यासारखे जे गाणे आहे, ते वस्तुतः गाणे नव्हे. गणपतीच्या मिरवणुकीत, डॉल्बीच्या भिंतीपाशी उभे राहून, हलगी, घुमके आणि कैताळ यांचा जो गजर त्यांनी स्वतः फोनवर टिपला आहे, तो ते मोठ्या स्पीकरवर लावतात. 22 नोव्हेंबर 2022 रोजी विश्वचषकात सौदी अरेबियाने अर्जेंटिनास हरविले, त्या संध्याकाळी तो अर्धा तास आम्ही कायद्याचे पालन म्हणून सोसला. शेजारच्या घरातील कुत्रे दोन दिवस जेवले नाही. मालकीणबाईंनी पंचांग काढून दाखविले की तो मंगळवार होता, सामना साडेतीनला म्हणजे भर राहुकाळात सुरू झाला होता, आणि कोणीही दिवा लावला नव्हता.

तेव्हापासून सारे घर अर्जेंटिनाचे झाले. ज्यांनी मेस्सीचे छायाचित्रही धड पाहिले नव्हते, ते त्याच्या गुडघ्यांची काळजी करू लागले. अंतिम सामना 18 डिसेंबरला, सुदैवाने रविवारी. मालकीणबाई साडेचारलाच लिंबे घेऊन देवळात गेल्या आणि त्यांनी फ्रान्सच्या निवारणार्थ दिवे लावले. ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. मग एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन्ही फेडले, आणि कोल्हापूरकर सोडून सर्वांची दृष्टी त्या कोपऱ्यातील स्पीकरकडे गेली. जादा वेळेत मेस्सीने गोल केला, एम्बापेने तिसराही फेडला, शेवटच्या क्षणी गोलरक्षक मार्तिनेझने पाय लांबवून एक चेंडू अडविला, तेव्हा वहिनींनी माझा दंड असा आवळला की त्याची खूण आठवडाभर राहिली. अखेर पेनल्टींवर, चार विरुद्ध दोन, अर्जेंटिना जिंकली. कोल्हापूरकर रडले. आम्हीही रडलो, प्रत्येकजण आपापल्या कारणासाठी.

डोळे पुसून झाल्यावर कोल्हापूरकर स्पीकरची वायर उलगडू लागले. घरमालकांनी हात वर करून तहनाम्यातील पहिल्या कलमाचा उल्लेख केला. "मालक," कोल्हापूरकर विनयाने म्हणाले, "पेनल्टीवर मिटलेला सामना नोंदीत बरोबरीच धरत्यात. तीन-तीन. विचारा भाच्याला." भाच्याने, माझ्याकडे न पाहता, हे खरे असल्याचे सांगितले. घरमालक बराच वेळ विचारमग्न बसले. नोंद ही नोंद असते, आणि नोंदीविरुद्ध निवाडा देण्याचे पाप त्यांच्या हातून नोकरीत कधी घडले नव्हते. बरोबरी असेल तर दोन्ही पक्षांस निम्मा-निम्मा हक्क पोचतो, आणि फ्रान्सच्या वतीने या इमारतीत कोणीही हजर नसल्यामुळे तोही अर्धा हिस्सा हजर पक्षाकडेच वर्ग करावा लागतो, असे त्यांनी जड अंतःकरणाने जाहीर केले. पहिली हलगी कडाडली तेव्हा रात्रीचे साडेअकरा होऊन गेले होते, आणि त्या गजरात मालकीणबाई लिंबांचे पैसे कोणाकडे मागावयाचे, हे पतीस ओरडून ओरडून विचारीत होत्या.